पाणकणसाचे साहेब

वाहतं पाणी दिसलं की त्यांचा हात खिशात जायचा. खिशात कुरमुरे असत. एक मूठ तोंडात, एक मूठ पाण्यात. मग ते गटार असो, ओहोळ असो, की देवळाच्या पन्हळीतून पडणारं पाणी असो. कुरमुरे कुठून निघाले, कुठे अडले, कुठे गोल गोल फिरत बसले, ते बघत साहेब उभे. कशेळ्याच्या बाजारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका हॉटेलच्या मागच्या मोरीवर ते वाकलेले होते, आणि भजी तळणारा आतून ओरडत होता, "अवो सायेब, काय पडलं काय तुमचं?"

"पडलं नाही, सोडलंय," साहेब म्हणाले.

बाजारात त्यांना कणीससाहेब म्हणत. भाताच्या मुलखात भात सोडून पाणकणीस लावणारा माणूस, म्हणून. पाणकणीस म्हणजे डबक्यात, तळ्याच्या काठाला आपोआप उगवतं ते. उंच पाती आणि वर तपकिरी मखमली कणीस. आमच्याकडे ते कोणी लावत नाही, उपटतात. आयुष्यभर धरणं, कालवे आणि नळांची कामं करून निवृत्त झालेला शिकलेला माणूस ते रांगेनं लावतोय म्हटल्यावर लोकांनी नाव ठेवलं तर त्यात लोकांची चूक नाही.

मी त्यांना सर म्हणायची. ते मला 'पदवीधर' म्हणायचे. त्याला कारण मीच.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आमच्या आळीतली. गणित घेऊन बी. एस्सी. झाले. हे मी अभिमानानं लिहिते; कोणाला त्यात गर्व दिसला तर दिसो. पदवी झाली आणि वर्षभर घरी बसले. लावणीला जायची, गुरांचं करायची आणि आल्यागेल्याचं "मंग आता लगीन कवा?" ऐकून घ्यायची. आबा, म्हणजे माझे वडील, भात घालायला गिरणीवर जायचे. तिथे त्यांनी कधीतरी गिरणीच्या शेठना सांगितलं, "माजी पोर आकड्यात लय हुशार हाय." सर तिथेच उभे होते. म्हणाले, "उद्या पाठवा."

गेले. सरांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "नळाखाली हंडा ठेवलाय. हंड्याच्या बुडाला भोक आहे. वरून पाणी येतंय, खालून जातंय. हंडा भरायला किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "भोक बुजवून घ्यावं ना आधी."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला. मी म्हटलं, "हसायला काय झालं? मी पदवीधर आहे."

"दिसतंय," ते डोळे पुसत म्हणाले. "उत्तर शंभर टक्के बरोबर. फक्त गणित सुटलं नाही. उद्यापासून या, पदवीधर."

त्या दिवसापासून माझं नाव कधी त्यांच्या तोंडून आलं नाही.

आता काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कशेळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून ती भातगिरणी होती. तिथे उकडा तांदूळ करायचे. उकडा करायचा म्हणजे भात आधी हौदात भिजत घालायचं, मग वाफवून वाळवायचं आणि मग भरडायचं. तांदूळ उत्तम होतो, पण ते भिजवणीचं पाणी असं आंबतं की म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. गिरणी ते पाणी रस्त्याकडेच्या चरात सोडायची. येणारीजाणारी माणसं नाकाला पदर लावून शेठना शिव्या द्यायची. शेठनी उपाय काढला होता. पाइप टाकायचा आणि ते पाणी लांब नेऊन ओहोळाच्या वळणावर सोडायचं. रस्ता मोकळा, शेठ मोकळे. पण ओहोळाच्या त्या वळणाखालीच आमच्या गावाचा पाणवठा. गिरणीच्या मागे पाइप येऊनही पडले होते. काळे, एकावर एक रचलेले. रोज सकाळी कामावर जाताना मला ते दिसायचे, आणि आईची घागर डोळ्यांसमोर यायची.

सरांनी शेठना गाठून सांगितलं, "तुमचं भाताचं एक पडीक खाचर मला द्या. पाणी त्यातून हळूहळू जाऊ दे. मी त्यात पाणकणीस लावतो. खाली निघेल ते पाणी बघा आणि मग पाइपचं ठरवा." शेठ हिशेबी माणूस. खाचर पडीकच होतं. म्हणाले, "लावा. नाय झालं तर पाइप हायेतच."

सर त्या खाचराला 'शहाणं डबकं' म्हणायचे. पाणकणसाच्या देठांवर, मुळांवर एक बुळबुळीत थर धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते घाण खातात. पाण्यानं फक्त घाई करायची नाही. "आणि तिथेच सगळं अडतं," सर म्हणायचे. "पाण्याइतकं आळशी कोणी नाही. आळशाला जवळची वाट आधी दिसते." वरच्या तोंडातून आलेलं पाणी सगळ्या खाचरात पसरलं तर स्वच्छ होणार. ते मधूनच सरळ खालच्या तोंडाला पळालं तर जसं आलं तसं जाणार. म्हणून आम्ही आत आडवे बांध घातले होते. पहिल्याला डाव्या टोकाला वाट, दुसऱ्याला उजव्या, म्हणजे पाण्याला नागमोडी जावं लागे.

आणि हे सगळं पाण्यात करून बघायच्या आधी सर ते कॉम्प्युटरवर करून बघायचे. आमच्या मुलखात तेव्हा कॉम्प्युटर कोणी पाहिलेला नव्हता. सरांच्या भाच्यानं परदेशातून एक छोटा आणून दिला होता. टाइपरायटरएवढा, टीव्हीला जोडायचा, आणि त्याचा प्रोग्रॅम गाण्याच्या असते तसल्या कॅसेटवर साठवायचा. गिरणीच्या पाठीमागच्या पत्र्याच्या खोलीत ते दुकान मांडलेलं. उन्हात पडदा दिसत नसे, म्हणून सर टीव्हीवर छत्री धरून बसायचे. आत छत्री उघडलेला माणूस बघून हमाल एकमेकांना कोपर मारायचे.

हिशेबाची कल्पना तशी सोपी. खाचराचे मनात कप्पे करायचे. एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. प्रत्येक कप्प्यात किती पाणी आलं, किती गेलं, किती वेळ थांबलं आणि तेवढ्या वेळात किती घाण खाल्ली गेली. हंडा आणि बुडाचं भोक, बस्स. एका हंड्याचं पाणी पुढच्या हंड्यात, असे हंडेच हंडे. एक हंडा मला हातानं सुटत होता. सगळे एकदम सोडवायला यंत्र. ते मला सरांनी शिकवलं. चुकले की शिकवायचे, आणि मी पुष्कळ चुकायची.

कप्प्यांना त्यांनी नावं दिली होती. कोपऱ्यातला एक कप्पा असा होता की पाणी तिथे शिरायचं आणि निघायचंच नाही, गोल फिरत बसायचं. त्याचं नाव मेव्हणा. "आला की हलत नाही, आणि उपयोग शून्य," सर म्हणायचे. बरं, हे नाव फक्त बोलण्यात नव्हतं. प्रोग्रॅममध्येसुद्धा त्यांनी तेच घातलेलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'मेव्हणा' आणि पुढे आकडे. पुढे त्यांचे खरे मेव्हणे एकदा गिरणी बघायला आले आणि पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे काय?" सर म्हणाले, "हा खाचरातला सगळ्यात शांत भाग."

जेवतानासुद्धा त्यांचं हेच. आमच्याकडे एका लग्नाला आले होते. पंगतीत भात वाढला, आमटी वाढली. सगळे जेवायला लागले आणि सर पत्रावळीवर भाताचा बांध घालून आमटी कुठून फुटते ते बघत बसले. आबा वाढायला फिरत होते. त्यांनी बघितलं आणि आईला जाऊन सांगितलं, "सायबांना आमटी आवडली नाय वाटतं, नुसतं खेळत्यात." आई बिचारी आमटीत गूळ घालून परत घेऊन गेली.

त्याच लग्नाच्या हळदीला कर्ण्यावर गाण्यांची कॅसेट लावायची होती. माझ्या पिशवीत गाण्यांची एक आणि प्रोग्रॅमची एक अशा दोन होत्या. कर्णेवाल्यानं नेमकी दुसरी लावली. अख्ख्या गावावर असा काही कर्कश आवाज फुटला की कुत्री भुंकायला लागली आणि नवरीच्या आजीनं देवाचं नाव घेतलं. मी धावत सुटले. सर मात्र मांडवात डोळे मिटून ऐकत उभे होते. मी कॅसेट काढून आणली तर म्हणाले, "ही जुनी आहे. हिच्यात अजून मेव्हणा नाहीये."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच. उत्तर पहिल्या झटक्यात जुळलं की हा माणूस नाराज व्हायचा. दिवसभर तोंड पाडून बसायचा. "काहीतरी दोन चुका झाल्यात आणि त्यांनी एकमेकींना झाकलंय," म्हणायचा. आणि उत्तर चुकलं की जिलबी. एकदा पडद्यावर असं उत्तर आलं की खालच्या तोंडाला पाण्यातली घाण उणे. शून्य नाही, उणे! मी घाबरून गेले. सर खुर्चीतून उठले, तसेच बाजारात गेले आणि अख्ख्या गिरणीला पुरेल एवढी जिलबी घेऊन आले.

शेठनी विचारलं, "काय, पास झालात?"

"छे! पाणी इतकं स्वच्छ झालंय की ते आता शेजारच्या पाण्याची घाण चोरायला निघालंय. जिलबी घ्या."

मग खात खात त्यांनी मला दाखवलं. मी यंत्राला वेळेच्या फार मोठ्या ढांगा टाकायला लावल्या होत्या. एका ढांगेत कप्प्यात होती त्याहून जास्त घाण खाऊन टाकली, म्हणून उणे. ढांग लहान करायची. "यंत्र खोटं बोलत नाही, पदवीधर. आपण चुकीचं विचारलं तर ते चुकीचंच, पण प्रामाणिकपणे सांगतं. माणसानं एवढं तरी करावं."

कुरमुरे त्यांच्या डोळ्यांसाठी. हिशेबासाठी मीठ. वरच्या तोंडाला एकदम मिठाचं पाणी ओतायचं आणि खालच्या तोंडाला मीटर धरून बसायचं. पाण्यात मीठ आलं की काटा चढतो. कधी आला, किती चढला, किती वेळ रेंगाळला, त्यावरून आत पाणी कुठे कुठे गेलं ते कळतं. लावणी करायच्या आधी, नुसत्या मोकळ्या खाचरात, आम्ही असं मीठ सोडून पाहिलं होतं, तेव्हा ते धावत आलं होतं. पाणकणीस वाढलं, बांध घातले, आणि मीठ येईना. वाट बघून बघून मी कंटाळून गेले आणि मग हळूच, दुसऱ्या दिवशी, काटा हलला. त्या दिवशी सरांनी पाइपांच्या ढिगाकडे बघून मान हलवली.

त्यानंतरच शेठनी सरकारी साहेबांना बोलावलं. त्यांनी येऊन पाहायचं, बाटल्यांत पाणी भरून तपासायला न्यायचं, आणि मग खाचर की पाइप ते ठरायचं. दिवस ठरला. माघ महिना होता. घरी मी आनंदानं सांगितलं, "आबा, उद्या मोठे साहेब येणार आहेत आमचं काम बघायला."

आबांनी विचारलं, "तुजं काम? तुजं म्हून बगणार?"

"माझं आणि सरांचं."

आबांनी घोंगडी ओढून घेतली. मी समजले, झोप आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी गिरणीवर पोचलो. खाचर आरशासारखं लख्ख. एक पाणकणीस नाही. एक पात नाही. सगळी उपटून, कापून, भारे बांधून बांधावर ओळीनं उभी केलेली. पाणी उतरवायला म्हणून मधले बांध फोडलेले, सगळे एका रेषेत. आणि कडेला आबा, आमच्या आळीतले सगळे जण, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळे. पहाटेपासून खपले होते.

भातातलं तण उपटायचं त्याला आमच्याकडे बेणणी म्हणतात. ती करतात श्रावणात. आबांनी माझ्यासाठी माघात बेणणी केली होती.

"बघ," आबा म्हणाले. "निस्तं रान माजलं हुतं गं. मोटे सायेब यायचे आन् माज्या पोरीच्या शेतात तण? लोक काय म्हनतील? आमी भातवाली मानसं."

मला आठवतं, मी खाचराकडे बघितलं नाही, पाइपांकडे बघितलं.

सर बांधावर गेले. खिशातून कुरमुरे काढले. या वेळी तोंडात घातले नाहीत, सगळे पाण्यात टाकले. कुरमुरे फुटलेल्या बांधांमधून सरळ रेषेत, वरात निघावी तसे, खालच्या तोंडाला गेले. सर बघत राहिले. मग वळले, आबांपाशी आले आणि दोन्ही हात जोडले.

"आबा, हे मला करून बघायचंच होतं. धीर होत नव्हता. तुम्ही केलंत, फार बरं झालं."

"खरं म्हंता?"

"खरं. आता सगळ्यांना चहा घ्या म्हणावं." मग माझ्याकडे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "पदवीधर, चेहरा नीट कर. तुझ्या बापानं तुझी लाज राखलीये. असं माझ्यासाठी कोणी चिखलात उतरलं नाही. पाणकणीस नसलेल्या, बांध फुटलेल्या खाचराचं गणित आहे का आपल्याकडे?"

"नाही सर."

"मग जीप यायच्या आत करू. लावणीच्या आधीची मापं आहेतच. बस."

मी बसले. मशीन लावलं आणि पडद्यावरचं चित्र आक्रसून गेलं. गिरणीचा भात भरडायचा हलर चालू झाला की विजेचा दाब पडायचा, नेहमीचंच. सर बाहेर जाऊन शेठना म्हणाले, "गिरणी बंद करा."

"बंद? अवो, हौदात भात भिजलंय माजं!"

"तुमच्या हलरनं माझं खाचर आटतंय. थोडा वेळ."

काय वाटलं कोण जाणे, शेठनी हात वर केला. गिरणी थांबली. मला तिथे कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच छपरातली कबुतरं ऐकू आली. हमाल, आबा, आळीतली माणसं, सगळी खोलीच्या दारात गोळा झाली. सर छत्री धरून, आणि मी आकडे भरतेय. पाणकणसाच्या जागी मी शून्य घातलं.

"ह्ये शून्य कसलं गं?" आबांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "कोरी पाटी, आबा. पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे शून्य लागतं."

उत्तर आलं. सरांनी वाचलं, एकदा नाही, परत परत वाचलं. मग खडू घेऊन गिरणीच्या दाराशी गेले. तिथे एक फळा होता, त्यावर शेठ रोज भाताचा भाव लिहायचे. भावाच्या खाली सरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आज मीठ पंगतीत भात वाढायच्या आत खाली पोचेल. आज चार आणे घाण जाईल, बारा आणे राहील. पाणकणीस असतं तर बारा आणे गेली असती, चार आणे राहिली असती.'

जीप आली. सरकारी साहेब उतरले, फळा वाचला, खाचर पाहिलं, परत फळा वाचला.

"म्हणजे तुमची योजना आज नापास होणार, असं तुम्हीच सांगताय?"

"हो," सर म्हणाले. "आणि किती मार्कांनी, तेही सांगतोय."

"पण झाडं कुठे गेली?"

आबा पाठीमागेच उभे होते.

"मी काढायला लावली," सर म्हणाले.

वरच्या तोंडाला मीठ ओतलं. बाटल्या भरायचं काम झालं, आणि शेठनी सगळ्यांना गिरणीच्या ओट्यावर जेवायला बसवलं. मी जेवले नाही. मीटर घेऊन खाली बसून होते. वर भाकरी झाली, वांग्याचं भरीत झालं. शेठ स्वतः भाताचं पातेलं घेऊन उठले, आणि मी ओरडले, "सर! काटा चढला!"

शेठ पातेलं हातात घेऊन तसेच उभे राहिले. फळ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. सरकारी साहेबांच्या ताटात भात पडला नव्हता.

बाटल्यांचा निकाल यायला बरेच दिवस गेले. तोवर फळा कोणी पुसला नाही. शेठ भाव कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचे. निकाल आला तो लिहिलं होतं त्याच्या अगदी आसपास. सरकारी साहेबांनी कळवलं की निर्णय शेठनी घ्यावा, त्यांची हरकत नाही. मी शेठना विचारलं, "मग?"

शेठ म्हणाले, "बाय, पस्तीस वर्सं भात घेतोय मी. जो येतो तो म्हनतो, माजं भात वाळलेलं हाय. माजं भात ओलं हाय म्हून सांगनारा मी अजून बगितला नव्हता. तुजा सायेब म्हनतो पानकनसानं बारा आने जाईल, तर जाईल. खाचरच ऱ्हाऊ दे." आणि पाइप विकून टाकले. खाचरं पुढे एकाची तीन झाली.

सर मात्र त्या दिवशी तोंड पाडून बसले होते. "फारच जुळलं," म्हणत होते. "दोन चुका असणार. शोध." आम्ही आठवडाभर शोधल्या. एक सापडली. जिलबी आली.

पुढे मला पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरी लागली. सर भाच्याकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. खात्यात मी मोठमोठे कॉम्प्युटर पाहिले, त्यांच्यावर कामं केली. नकाशे घेऊन आलेला कोणी छातीठोक सांगायला लागला की मी विचारायची, "हे कुठे चुकेल ते सांगा आधी." लोक म्हणायचे, बाई खडूस आहे. मी खडूस नाही. मला चांगले गुरू मिळाले होते.

एक राहिलं. ते सरकारी साहेब येऊन गेल्यानंतरचं, निकाल यायच्या आधीचं. काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, पाइप अजून ढिगातच होते. आठवड्याच्या आतली गोष्ट. सकाळी गिरणीवर गेले तर आबा आणि तीच सगळी माणसं खाचरात. या वेळी प्रत्येकाच्या डोक्यावर पाणकणसाचा भारा, मुळांना चिखल तसाच. गावच्या तळ्यातून उपटून आणलेली. बोलावलं कोणी नव्हतं.

सर आले तसे आबा म्हणाले, "सायेब, बेननी झाली. आता लावनी करायला नको?"

सरांनी आबांकडे बघितलं. आबांनी सरांकडे बघितलं. त्या दिवशी सर माझ्यासाठी आणि आबांसाठी खोटं बोलले होते, हे आबांना कळलं होतं, आणि ते आबांना कळलंय हे सरांना आता कळलं. सरांनी बूट काढले, पँट वर केली आणि चिखलात उतरले.

माझ्या आबांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. तरुणपणी जपानी पद्धतीची भातलावणी आली तेव्हा दोरी धरून सरळ रांगेत रोपं लावायला गावात सगळ्यात आधी ते शिकले. त्यांच्यासारखी सरळ रांग कोणाची नसायची. दोरीशिवायसुद्धा. त्या सकाळी ते तसंच लावत मागे मागे सरकत होते. अर्ध्यावर थांबले, कंबर सरळ केली आणि बांधावरच्या मला हाक मारली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या बापानं मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली.

"ए पदवीधर! रांग सरळ हाय का बग गं."

मी तोंड उघडणार तोच सर चिखलातून म्हणाले, "फार सरळ आहे, आबा. सरळ वाट दिसली की पाणी पळतं."

आबांनी आपल्या रांगेकडे बघितलं. रेघ मारल्यासारखी होती. बराच वेळ बघितलं. मग वाकले, एकेक रोप उपटलं, आणि सगळी रांग परत वाकडी लावली.